झेंड्याशिवाय साठ मीटर

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोहोचले. पथकही सुखरूप पोहोचलं. पथक म्हणजे पाच अधिकारी आणि मी. पळणारी मी एकटीच, त्यामुळे बाकी पाचांनी मला सांभाळायचं आहे, असं पथकप्रमुखांनी विमानतळावर सगळ्यांना बजावलं आणि लगेच त्यांच्या दोन बॅगा माझ्या हातात दिल्या.

तुझ्या जागेवर कोण आलंय ते तुला एव्हाना कळलं असेल. प्रशिक्षकाची जागा काढून तिथे मानसिक सल्लागार असं पद तयार केलं, आणि त्या पदावर पथकप्रमुखांच्या पत्नी आल्या आहेत. त्यांनी आल्याआल्या मला मन शांत ठेवायला सांगितलं आणि बाजार कुठे भरतो ते विचारलं. उरलेले तिघे म्हणजे सचिव, खजिनदार आणि निरीक्षक. एकाग्रता भंगू नये म्हणून माझा मोबाइल पथकप्रमुखांनी स्वतःच्या बॅगेत ठेवलाय, म्हणून हा पत्राचा खटाटोप. पत्र चार-पाच दिवसांत पोहोचतं म्हणतात.

आता मुद्द्याचं. आज हॉलमध्ये पहिला सराव झाला. वर छप्पर, मधोमध साठ मीटरची सरळ पट्टी आणि शेवटी गाद्या लावलेली भिंत. ती भिंत बघून मला तुझ्या इस्पितळाचा कॉरिडॉर आठवला आणि जरा धीर आला. पण तो सुरुवात होईपर्यंतच टिकला. आत्या, इथे झेंडा नाही. स्टार्टर आपल्या पाठीमागे कुठेतरी उभा राहतो, बंदूक वाजवतो, आणि तो आवाज पाय टेकवायच्या ब्लॉकमागच्या स्पीकरमधून येतो. बघायला काहीच नाही. मी सवयीने मान वर करून प्रमुख पाहुणे शोधत राहिले, तोवर बाकीच्या सात जणी पोहोचायला आल्या होत्या. शेजारच्या पट्टीवरची उंच मुलगी परत आली आणि मला बरं नाही का, असं खुणेनं विचारून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शर्यतीला तीन आठवडेही नाहीत. काय करू ते लगेच कळव. बाबांना यातलं काही सांगू नकोस, ते उगाच जेवायचे नाहीत.

तुझा लोभ आहे म्हणून इथवर आले, तो परतेपर्यंत पुरू दे.
तुझी,
भिंगरी


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोहोचलं. वाचलं आणि कपाळाला हात लावून बसले. दोष तुझा नाही, माझा आहे.

पाच वर्षं मी तुला दुपारी दोन ते तीन लाँड्रीपासून शस्त्रक्रिया विभागापर्यंतच्या कॉरिडॉरमध्ये पळवलं. पेशंट झोपलेले असतात, हूं की चूं चालणार नाही, अशी मेट्रनबाईंची अट होती. म्हणून मी टॉवेल सोडायचा आणि तू पळायचं. बाहेर गेलो तर तिथेही तेच. आपल्याकडे शर्यत सुरू करतात प्रमुख पाहुणे, तेही हिरवा झेंडा हलवून, कारण बंदुकीच्या आवाजाचा फोटो निघत नाही. मीच तुला शिकवलं, की झेंड्याकडे बघू नकोस, पाहुण्यांच्या कोपराकडे बघ. झेंडा पडायच्या आधी कोपर उचललं जातं. मंत्र्यांचं कोपर जड, उद्योगपतींचं घाईचं, नटांचं कॅमेरा वळेपर्यंत हलतच नाही, हे सगळं आपण वहीत लिहून पाठ केलं. त्या जोरावर तू देशात पहिली आलीस. मी स्वतःला फार शहाणी समजत होते. पण एवढ्या वर्षांत तुझ्या कानांना मी काहीच शिकवलं नाही, हा उजेड आता तुझं पत्र वाचून डोक्यात पडला.

आता ऐक. डोळ्यांवर टॉवेल बांधायचा आणि कुणालातरी टाळी वाजवायला सांगायची. टाळी ठरावीक वेळाने नको, मनात येईल तेव्हा हवी. टाळीआधी हललीस तर ती धाव धरायची नाही. तिथे एकदा आवाजाआधी पाय हलला की घरी पाठवतात, दुसरी संधी नाही, हे मी लाँड्रीतल्या रेडिओवर ऐकलंय. पाच माणसं आहेत, दहा हात आहेत, एक टाळी तरी मिळेल.

तुझे बाबा गॅरेजमधून आले की रोज तुझं पत्र आलं का विचारतात. हवा थंड आहे एवढंच मी त्यांना सांगते. तेवढ्यावरही ते अर्धीच पोळी खाऊन उठतात.

माया आहे तेवढीच आहे, तिकडे वाढवायचा तो वेग वाढव.
तुझी,
आत्या


२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दहा हात आहेत हे खरं, पण ते सगळे गुंतलेले आहेत.

पथकप्रमुखांना टाळी मागितली तर ते म्हणाले, की टाळ्या विजयानंतर वाजवायच्या असतात, आधी वाजवणं अपशकुन आहे. सचिवांनी लेखी अर्ज द्यायला सांगितलं. मी दिला, त्यांनी तो खजिनदारांकडे पाठवला, आणि टाळीत खर्चाची बाब नाही म्हणून खजिनदारांनी परत केला. सल्लागारबाईंच्या हातात पिशव्या होत्या. शेवटी निरीक्षक तयार झाले. स्वभावाने भला माणूस आहे. पण प्रत्येक टाळीआधी ते आता वाजवू का, असं विचारायचे. मी डोळे बांधून वाकलेली आणि वरून हा प्रश्न. चौथ्या वेळी मी हो म्हटलं आणि तशीच पळत सुटले. त्यांनी टाळी नंतर वाजवली, आणि छान जमलं म्हणाले.

याहून मोठी गंमत पुढे आहे. माझी अडचण पथकप्रमुखांच्या कानावर गेल्यावर त्यांनी ती स्वतः सोडवायची ठरवलं. त्यांनी आयोजकांना पत्र दिलं, की आमच्या देशाच्या परंपरेचा मान राखून साठ मीटरची शर्यत हिरव्या झेंड्याने सुरू करावी, आणि प्रमुख पाहुणे म्हणून ते स्वतः उपलब्ध आहेत. आयोजकांच्या ऑफिसातल्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं, मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी बांधलेलीच होती.

पण तू घाबरू नकोस, मला टाळी मिळाली आहे. दुपारच्या जेवणानंतर चौघे अधिकारी सचिवांच्या खोलीत पत्ते कुटत बसतात. सचिवांना हुकूम लागला की ते पान टेबलावर असं हाणतात, की दार हादरतं. कधी लागेल ते त्यांनाही माहीत नसतं. मी बाहेर हॉटेलच्या लांब कॉरिडॉरमध्ये डोळ्यांवर टॉवेल बांधून वाकते. धप्प झालं की सुटते. काल बावीस वेळा पळाले. पहिल्या दहांत मी नुसती गोंधळले, मग हळूहळू पाय कानाचं ऐकायला लागले. हॉटेलची सफाईवाली बाई माझ्या वाटेतली तिची गाडी स्वतःहून बाजूला घेते आणि पैलतीरी एक उशी धरून उभी राहते.

अधिकाऱ्यांची मला झालेली ही पहिली मदत आहे, आणि ती त्यांना कळू द्यायची नाही.

जीव लावलायस तो सैल सोडू नकोस.
तुझी,
भिंगरी


७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र लाँड्रीत मोठ्याने वाचलं. इस्त्रीवाल्या बायका हसून हसून खाली बसल्या, आणि एक चादर जळली. ती मी मेट्रनबाईंना न दाखवता घडी करून ठेवली आहे.

सचिवांना उत्तमोत्तम पानं लागोत. ते हरायला लागले तर तुझा सराव बुडेल, तेव्हा जमलं तर त्यांना चहा वगैरे देऊन उत्साहात ठेव. घाई मात्र करू नकोस. आधी कान, मग पाय. आवाज येईपर्यंत तू दगड आहेस असं समज.

एक गोष्ट विचारायची राहिली. पहिली फेरी किती वाजता, उपांत्य फेरी किती वाजता, ते वेळापत्रक कळव. म्हणजे त्या वेळेला मी यंत्रं बंद ठेवीन आणि बसून राहीन. तू उपांत्य फेरीत जाशील असं मी म्हणत नाही. पण गेलीस तर मला नुसतं उभं राहता येणार नाही, एवढं मला माझं माहीत आहे. मी तिथे असायला हवी होते गं. याचा राग मी कुणावर काढत नाही, चादरी जरा जोरात झटकते इतकंच.

बाबांनी तुझ्या जुन्या बुटांना पॉलिश करून ठेवलंय. खिळ्यांच्या बुटांना पॉलिश कशाला, असं मी विचारलं नाही.

पाठीवर हात आहेच, तो तुला लागला तर वळून बघू नकोस.
तुझी,
आत्या


११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

तू वेळापत्रक मागितलंस. उद्या सकाळी साडेदहाला पहिली फेरी. संध्याकाळी सहाला उपांत्य फेरी. आणि पथकाचं परतीचं विमान दुपारी तीनला.

मला वाटलं काहीतरी चूक झाली, म्हणून मी पथकप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, की चूक नाही, अनुभव आहे. आपला खेळाडू आजवर पहिल्या फेरीच्या पुढे गेलेला नाही, तेव्हा तिकिटं अनुभवाला धरून काढली. मी विचारलं, मी पुढे गेले तर? ते सल्लागारबाईंकडे वळून म्हणाले, की मुलीचं मन अशांत दिसतंय. मी तिथेच उभी राहिले, तेव्हा त्यांनी नीट समजावलं. पथक एकत्र येतं, एकत्र जातं. जो मागे राहील त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई, दोन वर्षं कुठेही पळता येणार नाही. परवा सकाळी विमानतळावर पत्रकार बोलावलेत, त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही.

आत्या, मी अजून पहिली फेरीसुद्धा पळलेली नाही आणि मला हरावंसं वाटायला लागलंय. हरले तर काही ठरवावं लागणार नाही. असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मला स्वतःचीच शरम वाटली.

पासपोर्ट सुदैवाने माझ्याकडेच आहे. सगळे पासपोर्ट सल्लागारबाईंच्या पर्समध्ये राहणार होते, पण खरेदीनंतर पर्समध्ये जागा उरली नाही.

लोभाची मागणी आज जरा जास्त आहे.
तुझी,
भिंगरी


१३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू कुठे आहेस?

पथक येतंय असं रेडिओवर ऐकून मी आणि तुझे बाबा सकाळी विमानतळावर गेलो होतो. पाचही जण आले, बॅगा अकरा आल्या, तू आली नाहीस. पथकप्रमुखांना पुष्पगुच्छ मिळाला. त्यांनी पत्रकारांना सांगितलं, की आपल्या देशाने पहिल्यांदाच उपांत्य फेरी गाठली आणि हे त्यांच्या काटेकोर नियोजनाचं फळ आहे. एका पत्रकार मुलीने त्या उपांत्य फेरीत काय झालं असं विचारलं. ते म्हणाले, त्या वेळी आम्ही ढगांत होतो. अख्ख्या मुलाखतीत एवढंच खरं बोलले.

मी गर्दीतून पुढे घुसले आणि आमची मुलगी कुठे ते विचारलं. तिने शिस्तभंग केला आहे, एवढं बोलून ते गाडीत बसले. मी तुझ्या मोबाइलवर फोन लावला, तर तो त्यांच्याच बॅगेत वाजला. बाबा तिथल्या बाकावर मटकन बसले. मी त्यांना धरून घरी आणलं.

तू का थांबलीस ते मला कळलं. शिस्तभंग म्हणजे बंदी येईल, येऊ दे. मला भीती वाटते ती तू परक्या ठिकाणी एकटी आहेस याची, आणि अभिमान वाटतो तो त्याच गोष्टीचा. या दोन्हींमध्ये मला आज दुपारचं जेवण गेलं नाही. दोन ओळी लिही, पण लगेच लिही.

कमीजास्त बोलले असेन ते पोटात घाल, आणि वेळेवर काहीतरी खरंखुरंही पोटात घाल.
तुझी,
आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. आयोजकांच्या त्याच बाईंनी माझं तिकीट बदलून घेतलं, स्पर्धा संपेपर्यंत खोली राहू दिली, आणि हे पत्रही त्या कुरिअरने पाठवताहेत, म्हणजे दोन दिवसांत मिळेल. मी सतरा तारखेला सकाळी पोहोचते. बाबांना आधी हे सांग आणि मग पुढचं वाच.

पहिल्या फेरीत मी चौथी आले आणि वेळेच्या जोरावर शेवटच्या जागेवर उपांत्य फेरीत शिरले. पथकप्रमुखांनी मला मिठी मारली, फोटो काढला आणि बॅग भरायला सांगितली. मी नाही म्हणाले. मोठं काही बोलले नाही, नुसतं नाही म्हणाले, आणि बाकावर बसून राहिले. ते खूप बोलले. निरीक्षक जाताना मागे वळून हळूच म्हणाले, की त्यांनाही थांबावंसं वाटतंय, पण त्यांची बॅग आधीच गेली आहे.

संध्याकाळी आठ पट्ट्यांवर आठ जणी उभ्या होत्या. प्रत्येकीच्या मागे कुणीतरी होतं. कुणाचा प्रशिक्षक, कुणाचा डॉक्टर, कुणाची आई. माझ्या मागे कुणी नव्हतं. त्या क्षणी मला तुझी इतकी आठवण आली की डोळे भरले, आणि समोरचं काही दिसेना. मग लक्षात आलं, की दिसायची गरजच नाही. मी मान खाली घातली. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये दुपारच्या वॉर्डासारखी शांतता झाली, आणि मग आवाज आला.

मी सहावी आले. पुढची फेरी नाही. पण कोण किती लवकर सुटली त्याची वेगळी यादी लावतात. आवाजानंतर सुटण्यात मी आठांत दुसरी होते. आणि माझी वेळ आपल्या देशातली आजवरची सगळ्यात चांगली आहे. ती आपल्याकडे नोंदवायला पथकातल्या निरीक्षकाची सही लागते, आणि निरीक्षक तेव्हा विमानात होते, तेव्हा ती बहुधा झालीच नाही असं ठरेल. तुला मात्र मी सांगितलं, म्हणजे झाली.

आज आयोजकांच्या ऑफिसात आपल्या देशाच्या अॅथलेटिक्स महासंघाचा ई-मेल आला. दोन वर्षांची बंदी टाळायची असेल तर लेखी माफी मागायची आहे, आणि माफीत चुकीचं स्वरूप स्पष्ट लिहायचं आहे. मला पळायचं आहे, म्हणून मी माफी मागणार आहे. मसुदा खाली देते. तू म्हणशील तसा बदलेन, पण मला वाटतं सगळं खरंच लिहिलंय.

‘मा. महासंघ यांस. मी कोणतीही पूर्वसूचना न देता उपांत्य फेरीत पोहोचले, त्यामुळे पथकाच्या परतीच्या प्रवासात एक जागा रिकामी गेली. या गैरसोयीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. असा प्रकार पथकाच्या अनुभवात नव्हता, याची मला कल्पना असायला हवी होती. पुढच्या वर्षी अंतिम फेरीबद्दल माफी मागावी लागेल असा माझा प्रयत्न राहील. तरी तिकिटं कृपया संध्याकाळनंतरची काढावीत, आणि सात काढावीत. सातवं माझ्या आत्याचं.’

बाकी भेटीअंती. लोभ आहेच, तो विमानतळावर घेऊन ये.
तुझी,
भिंगरी