राणीला न्यायला येऊ नका

शुक्रवार, दुपारचे तीन
(टेबलाखाली दोन, दाराशी दोन)

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकताना गोणी मधे आली, पण नमस्कार पुरा केला आहे.) तुमची कंबर आता कशी आहे? यजमानांचा खोकला उतरला का? औषध घेताना ते तोंड वाकडं करतात असं ऐकलं. आमच्याकडे औषध लोण्याच्या गोळीत लपवून द्यायची पद्धत आहे, चौघांनाही लागू पडते, हवी तर करून बघा. इकडे सगळं खुशाल. म्हणजे चार पायांचे चौघे खुशाल आहेत आणि दोन पायांचे आम्ही चौघे त्यांच्यामागे धावून सडपातळ झालो आहोत.

आता मुद्द्याचं. मंगळवारी तुमचा फोन आला, तो तुमच्या बंधूंनी घेतला, आणि रविवारी तुम्ही गाडी घेऊन राणीला न्यायला येणार, आम्ही तिचं सामान बांधून ठेवायचं, असं ठरलंसुद्धा. ठरलं म्हणजे तुम्ही बोललात आणि ते ‘हो ताई, हो ताई’ म्हणाले. वन्सं, हा माणूस बस डेपोत टाइमकीपर आहे. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तर चांगल्या दांडग्या ड्रायव्हरला धारेवर धरतो. पण तुमचा आवाज कानावर पडला की थेट इयत्ता दुसरीत जाऊन बसतो. त्यांचं ते ‘हो’ मी या पत्राने, तेही उद्याच्या पहिल्या बसने पाठवून, रद्द करते आहे. (फोनवरही सांगितलं असतं, पण तुमच्याशी फोनवर बोलताना मी आजवर कधी दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचलेली नाही.) तेव्हा सरळच लिहिते. राणी मिळणार नाही. रागवा, अबोला धरा, चार नातेवाइकांत मला नावं ठेवा, माझी काही हरकत नाही. पण मिळणार नाही म्हणजे नाही.

राणी मुळात तुमची, हे मी कुठे नाकारते? चार वर्षांपूर्वी ‘घराला रंग काढायचाय, आठ दिवस ठेवून घ्या’ म्हणून तुम्हीच तिला आमच्या दारात उतरवलीत. सोबत मखमली गादी, तीन प्रकारचे कंगवे आणि एकवीस सूचनांचा टाइप केलेला कागद. आम्ही चार वर्षांत एकदाही विचारलं नाही की असा कोणता रंग लावलात जो वाळायचं नाव घेत नाही. आता तुम्ही बंगला घेतलात, पुढे हिरवळ केलीत, आणि त्या हिरवळीवर काहीतरी पांढरं, केसाळ, चांगल्या कुळातलं बसलेलं असावं असं यजमानांना वाटू लागलं. वाटू दे. पांढरी खुर्ची ठेवा, छान दिसते आणि भुंकत नाही.

शिवाय तुम्ही जी राणी सोडून गेलात ती आता राहिलीच कुठे? सामानाचंच बघा. मखमली गादी वकिलाने पहिल्याच आठवड्यात उसवली. (वकील म्हणजे तुमच्या भाचीने ‘परीक्षा संपेपर्यंत’ दप्तरातून आणलेलं काळं पिल्लू. भाचीच्या तेव्हापासून सहा परीक्षा झाल्या. वकिलाला प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायची असते: दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, स्वतःची शिंक.) कंगव्यांपैकी एक तुमचे बंधू वापरतात, त्यांना माहीत नाही, कृपा करून सांगू नका. सूचनांचा कागद अर्ध्याने खाल्ला. अर्धा म्हणजे शेपूट निम्मी असलेला तो. नवा फ्रिज आला त्या दिवशी दार सताड उघडं होतं, फ्रिजच्या मागोमाग तोही आत आला, आणि हमाल समजले आमचा, आम्ही समजलो हमालांचा. संध्याकाळपर्यंत तो माझ्या चपलांवर झोपला होता. ‘आता यापुढे या घरात एकही कुत्रं येणार नाही’ असं मी त्या दिवशी ओरडून सांगितलं, आणि वन्सं, तो शब्द मी पाळला आहे. कारण गोणी त्याच्या आधीच आलेली होती. (गोणी म्हणजे भरल्या पोत्यासारखी जिथे तिथे पसरणारी ती.) ती डेपोपासून तुमच्या बंधूंच्या पाठोपाठ चालत आली. ‘मी बोलावलं नाही, मी फक्त हळू चालत होतो,’ असं त्यांचं म्हणणं. तर सांगायचं असं की या मंडळींत राहून तुमची राणी पार बिघडली आहे. ती डब्यातलं खाणं हुंगतसुद्धा नाही. तिला पावाच्या कडा लागतात, उकडलेलं अंडं लागतं आणि माझं कामाचं गुलाबी मेण लागतं. हिरवळीवर तुम्ही तिला बसवाल खरं, पण ती आधी हिरवळ उकरेल.

बरं, फिरायला नेण्याचं ऐका. तुमच्या बंधूंनी फ्रिजवर वेळापत्रक लावलं आहे. पहिली फेरी पाच चाळीस, गोणी आणि अर्धा. दुसरी फेरी सहा दहा, वकील एकटा (कारण त्याला रस्त्यातल्या प्रत्येकाशी वाद घालायचा असतो). राणी कुठल्याच फेरीला जात नाही. ती साडेसातला, ह्यांची डेपोत जायची घाई सुरू झाली की दारात पट्टा तोंडात धरून उभी राहते, आणि मग ‘जादा गाडी’ सोडावी लागते. त्या जादा गाडीपायी गेल्या वर्षी तुमच्या बंधूंना कामावर नऊ वेळा उशीर झाला. स्वतःच्याच नावापुढे त्यांनी नऊ वेळा लाल शेरा मारला. सांगा, तुमच्या यजमानांच्या ऑफिसात हे चालेल का?

आणि मुख्याध्यापकांचं प्रकरण. ते तुमच्या कानावर गेलंच असेल, पण तुम्हाला सांगणाऱ्यांनी नक्की तिखटमीठ लावलं असणार, म्हणून खरं काय ते लिहिते. माझा कवळ्या करण्याचा धंदा मागच्या खोलीत चालतो हे तुम्हाला ठाऊक आहे. दाताचे डॉक्टर माप पाठवतात, मी साचा ओतते, मेणात दात बसवते, घासूनपुसून तयार करते. एका निवृत्त मुख्याध्यापकांची वरची कवळी तयार होऊन पाण्याच्या वाडग्यात ठेवली होती. त्यांना संध्याकाळी एका सत्काराला अध्यक्ष म्हणून बोलायचं होतं, म्हणून दवाखान्यात न थांबता ते थेट घरी आले. मी त्यांना बाहेर बसवलं, आत गेले, तर वाडगा होता, पाणी होतं, कवळी नव्हती. बाहेर येऊन बघते तर राणी हॉलच्या मधोमध कवळी तोंडात धरून उभी, तिच्या भोवती बाकीचे तिघे, आणि वकिलाची हरकत चालू. मुख्याध्यापक सोफ्यावरून उठले. तोंडात वरचा एकही दात नाही, अंगात निवृत्तीनंतरची चौदा वर्षं साठलेली, आणि एकदम गरजले, ‘खाली बसा!’ वन्सं, चौघेही बसले. ज्यांना मी चार वर्षांत एकदाही बसवू शकले नव्हते ते रांगेत बसले, आणि मीसुद्धा बसले. राणीने कवळी त्यांच्या बुटापाशी ठेवली. मी शरमेने अर्धी झाले होते, पण मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कुठल्याच कवळीने कुणाच्या चेहऱ्यावर आणलेला नाही. कवळी तीन वेळा धुऊन उकळून द्यायला निघाले, तर उकळल्यावर ती वाकडी होते म्हणून नुसतीच औषधात बुडवली. मागच्या बाजूला राणीच्या दाताची एक बारीक खूण राहिली, ती त्यांनी घासू दिली नाही. आता ते दर बुधवारी येतात आणि चौघांचा वर्ग घेतात. त्या दिवसानंतर एकही कुत्रं एकदाही बसलेलं नाही. पण ते येतात. राणी गेली तर वर्गात पहिला नंबर कुणाचा, हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाही सांगणार.

आता आईंचं लिहिते. तुमच्या आई, माझ्या सासूबाई. कुत्री आणि त्यांचा छत्तीसचा आकडा तुम्हाला माहीत आहे. ‘या घरात एक तर ती राहतील नाहीतर मी’ हे वाक्य त्यांनी चार कुत्र्यांच्या वेळी चार वेळा म्हटलं. मग गेल्या वर्षी त्या पडल्या. (तुम्ही आलात, फळं आणलीत, दीड तास बसलात, पाहुणे यायचे म्हणून गेलात. मी काही विसरलेली नाही.) त्या पडल्या तेव्हा घरी कोणी नव्हतं. मी कवळ्या पोचवायला गेले होते. तुम्हाला वाटेल कुत्र्यांनी भुंकून शेजार गोळा केला असेल, दार खरवडलं असेल. छे! काडीचाही उपयोग नाही. मी आले तेव्हा आई पॅसेजमध्ये आडव्या, आणि चौघं त्यांच्या चारी बाजूंना पसरलेली. गोणी तर घोरत होती. पाऊण तास त्या चौघांना शिव्या घालत पडून होत्या. दवाखान्यात मला म्हणाल्या, ‘मेल्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही, पण गार नाही लागलं हो मला.’

ऑपरेशननंतर व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. आईंनी तिला दाद दिली नाही. ‘मला आता कुठे जायचंय?’ एवढंच म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. दोन महिने वॉकर कोपऱ्यात उभा होता. मी विनवलं, रागावले, तुमचे बंधू हात जोडून बसले. त्यांच्या पुढ्यात कुणाचं काही चाललं नाही. मग एका सकाळी राणीने वॉकरच्या पायाचा रबरी बूट काढला आणि पळाली. आई ओरडल्या. कुणी आलं नाही, कारण मी मागे पॉलिशच्या मशिनवर होते, मला ऐकू गेलं नाही. मशिन बंद करून येते तर वॉकर तीन बुटांवर लंगडतोय आणि आई त्याला धरून दारापर्यंत आलेल्या, केस सुटलेले, तोंडाचा पट्टा चालू. बारा पावलं, वन्सं. मी मोजली. मी तिथेच खाली बसले आणि रडले आणि हसले, आणि आई मला म्हणाल्या, ‘बघतेस काय, तो बूट घे तिच्याकडून!’ तेव्हापासून रोज सकाळी राणी बूट नेते, आई मागे जातात. आता गॅलरीपर्यंत जातात. व्यायामवाली मुलगी म्हणाली, माझी फी बंद करा आणि हिलाच ठेवा. रबरी बुटांचे आतापर्यंत सात जोड झाले.

तेव्हा तुम्हीच ठरवा, म्हणजे ठरवू नका, ते मी ठरवलं आहे. चोरटी, हट्टी, मेण खाणारी, पत्रिकेत लिहिलेल्या कुळाचं नाव बुडवणारी अशी ही राणी आहे आणि ती आमची आहे. रविवारी मी दारात उभी असेन. माझ्या मागे वकील असेल. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर माफी मागते, पण घास परत करत नाही.

तुमची आज्ञाधारक (एवढी एक आज्ञा सोडून),
भावजय

ता. क. १ – हे पत्र तुमच्या बंधूंनी वाचलं. ‘ताईला असं लिहू नये’ असं म्हणाले. आत्ता मी फ्रिजपाशी गेले तर वेळापत्रकात रविवारच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात नवी ओळ दिसली: ‘राणी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, बाहेरगावी.’ तेव्हा ‘हो’ कुणाचं धरायचं ते बघा.

ता. क. २ – एवढं सगळं लिहिलं, तरी रविवारी या. येऊ नका असं वर कुठे वाटलं असेल तर तो माझा तोंडाळपणा समजा. गाडी आणा, पट्टा आणू नका. त्याऐवजी चार कपडे आणा आणि राहा. तुमची जुनी खोली रिकामी आहे, गोणीला मी हलवीन. (प्रयत्न करीन.)

ता. क. ३ – हे लिहिणार नव्हते. आई राणीला राणी म्हणत नाहीत. पडल्यापासून तिला ‘बबी’ म्हणतात. ‘बबे, बूट दे,’ ‘बबे, केस काय झालेत ते बघ, ये विंचरते.’ लहानपणी त्या तुम्हाला याच नावाने बोलवायच्या, हे मला तुमच्या बंधूंनी सांगितलं. मला धास्ती वाटली, आईंचं डोकं तर ठिकाणावर आहे ना. परवा धीर करून विचारलं. त्या कंगव्यातले केस काढत होत्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, ‘अगं, कुत्रं आहे ते, मला काय कळत नाही? पण हाक मारली की येते.’