जेरुसलेमची तहान

मौलवीसाहेब,

आपल्या वाचनालयाच्या स्मरणिकेत छापून आले आहे की, अंबडच्या शुक्रवारच्या काव्यसभेत तुम्ही जेरुसलेमवरची एक चिथावणीखोर अरबी कविता वाचलीत, सभा मोडली आणि तुम्ही स्वतःहून अरबीचा वर्ग सोडलात. हे चुकीचे आहे. तुम्ही सभेला नव्हताच. आजारी बहिणीला भेटायला मंठ्याला गेला होतात. वाचली ती मी, आणि वाचला तो माझा मराठी अनुवाद. कविता चिथावणीखोर नव्हती. अनुवाद होता.

आखातात नोकरीला असलेल्या तुमच्या मेव्हण्याने आणलेल्या मासिकात ती कविता होती. तुमची ओसरी अजून डोळ्यांपुढे आहे: तुम्ही चष्मा कपाळावर चढवता, शब्दाचा अर्थ आधी उर्दूत सांगता, मग मराठीत, आणि मी, शाळेतला गुरुजी, वहीत उतरवून घेतो. पूर्वीचे कवी त्या नगरीचे माहात्म्य गात, असे तुम्ही म्हणालात. आताचे कवी तिथे राहणाऱ्यांची चौकशी करतात. त्यांच्या कवितेत कोणी सकाळी दुकान उघडतो, कोणाला आत सोडत नाहीत म्हणून तो दुरूनच आपल्या गल्लीची वळणे आठवतो. तीन धर्म जिच्यावर हक्क सांगतात ती नगरी या कवितेत म्हणत होती की, सारे माझ्या घुमटाकडे मान वर करून पाहतात, उंबऱ्याजवळचा माझा रिकामा माठ कोणालाच दिसत नाही. मला ते क्षुद्र वाटले. पवित्र नगरीने पाणी मागावे? मी माठ खोडला आणि तिच्या तोंडी भक्तांचे प्राण मागणारी ओळ घातली. वृत्तही उत्तम साधले होते.

सभेत आधी टाळ्या पडल्या, मग खुर्च्या सरकू लागल्या. तुम्ही परतलात त्या दिवशी एका अडत्याने भर चौकात विचारले, "काय हो मौलवी, राहता इथं अन् प्राण तिकडं मागता व्हय?" मी शेजारीच उभा होतो. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलेत आणि त्याला म्हणालात, "कविता मीच दिल्ती." घरी येऊन माझी वही वाचलीत. "वा गुरुजी! शहर तहानेनं मरून राह्यलं अन् तुम्ही त्याच्या हातात तलवार दिली!" तेव्हा हसलात. वाचनालयाने वर्ग बंद केल्याची चिठ्ठी आली, तेव्हा हसला नाहीत. मी ती वही घेऊन वाचनालयात गेलो नाही.

निदान दिवस तरी नीट लावून ठेवतो.

सभा शुक्रवारी नव्हे, गुरुवारी झाली.

तुम्ही मंठ्याला बुधवारी गेलात, परतलात शनिवारी.

वर्ग तुम्ही सोडला नाहीत. पुढच्या सोमवारी तो बंद करण्यात आला.

गेल्या रविवारी तुमची मुलगी तुमच्या पश्चात निघालेली ही स्मरणिका घेऊन माझ्याकडे आली. "चाचा, अब्बांनी खरंच असं वाचल्तं का?" मी म्हणालो, आठवत नाही. आठवत होते.