शिंग्याची प्रकृती उत्तम

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

बाबा काल हॉस्पिटलातून थेट ताईकडे गेले. बायपास होऊन बारा दिवस झाले. आमची लिफ्ट बंद आणि घर चौथ्या मजल्यावर. ताई नर्स, तिचं घर तळमजल्यावर. चार आठवडे तिकडेच राहतील. निर्णय योग्य. मीच सुचवला होता. ताई म्हणते तिने.

त्यामुळे आजपासून समुद्र माझ्या ताब्यात. चार फुटी काचेची टाकी, अडीचशे लिटर खारं पाणी, दोन जोकर मासे, एक पिवळा मासा आणि बाबांचा शिंग्या. शिंग्या म्हणजे जांभळं प्रवाळ, सांबराच्या शिंगांसारख्या फांद्यांचं. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, आता फुटबॉलएवढा झालाय. दिसायला झाड, प्रत्यक्षात प्राणी आणि स्वभावाने बाबा. जरा कुठे बिनसलं की अंग आखडून बसतो.

या अकरा वर्षांत बाबांनी मला टाकीला हात लावू दिलेला नाही. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे.

ताईने फोनवर बजावलं. डॉक्टरांनी सांगितलंय, बाबांना कसलाही धक्का बसता कामा नये. शिंग्याला काही झालं तर तूच ये आणि तूच सांग. हिच्या धमक्यांना मी भीक घालत नाही. औषधांच्या गोदामात मी क्वालिटीचा माणूस आहे. दुसऱ्यांचे तक्ते तपासणं हेच माझं काम.

संकल्प: रोज सकाळी सातला तीन मोजण्या. तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी. संध्याकाळी सहाला फोन करून बाबांना आकडे सांगायचे. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस, आकडे ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

संध्याकाळी ६.२५
पहिला फोन झकास. अकरा मिनिटं बोललो. घरी असताना दिवसभरात आमची चार वाक्यं होतात, त्यातली दोन पेपर कुठे आहे याबद्दल.

४ मार्च, मंगळवार

अल्कलिनिटी हा वेळखाऊ प्रकार आहे. नळीत पाणी घ्यायचं आणि निळ्याचं पिवळं होईपर्यंत औषधाचे थेंब मोजायचे. सातव्या थेंबाला बायकोने विचारलं, डबा घेतलास का. पुन्हा पहिल्यापासून. अकराव्या थेंबाला शिंक. ऑफिसला उशीर.

५ मार्च, बुधवार

उठायला उशीर. मोजण्या राहिल्या. सहा वाजत आले तेव्हा लक्षात आलं. सुदैवाने कपाटात बाबांची मागच्या वर्षीची वही सापडली. रोजचे आकडे, सुवाच्य अक्षर. पाच मार्च: पंचवीस पॉइंट आठ, पस्तीस, आठ पॉइंट तीन. टाकी तीच, पाणी तेच, महिना तोच. शास्त्रीयदृष्ट्या फरक पडायचं कारणच नाही. वाचून दाखवले. बाबांनी शेवटचा आकडा पुन्हा वदवून घेतला, मग म्हणाले, बरं. समाधानी वाटले.

अर्थात हे एकदाच. उद्यापासून मोजायचं.

७ मार्च, शुक्रवार

वही अत्यंत उपयुक्त आहे.

ऑफिसात शीतगृहाच्या तक्त्यात एका पठ्ठ्याने कालचेच आकडे आज उतरवलेले सापडले. कडक मेमो दिला. असल्या कामचुकार लोकांची मला मनस्वी चीड आहे. म्हणे, फ्रीज तोच आहे, सर. काय पण कारण!

८ मार्च, शनिवार

टाकीतलं पाणी दोन बोटं खाली गेलंय. वाफ होते. काचेवर बाबांची चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘कमी झालं की साधं शुद्ध पाणी भरणे.’ हॉस्पिटलच्या गडबडीत लिहिलेली दिसते. समुद्रात गोडं पाणी? मी पिशवीतलं मीठ मोजून, ढवळून, अस्सल समुद्र तयार केला आणि तो ओतला. बायको म्हणाली, चिठ्ठीत साधं लिहिलंय ना रे? तिला म्हटलं, चिठ्ठीमागची भावना समजून घ्यायची असते.

शिवाय दिवा वाढवला. बाबा साठ टक्क्यांवर ठेवतात. काटकसरी स्वभाव. मी शंभरवर नेला. ते येतील तेव्हा शिंग्या दीडपट झालेला असेल. त्यांचा चेहरा मला आत्ताच दिसतोय.

१२ मार्च, बुधवार

आज थोडा घोळ झाला. फोनवर वाचण्याच्या ओघात वाचून गेलो: एकोणतीस पॉइंट सहा, हीटर अडकला, नवा बसवला.

मला दरदरून घाम. एकोणतीस पॉइंट सहा म्हणजे धक्काच की! मग बाबांनी सावकाश विचारलं, नवा बसवलास? तू? कुठला आणलास? वहीत नशिबाने तेही लिहिलेलं होतं. किती वॅटचा, कोणाकडून, पहिला कुठे ठेवला, सगळं धडाधड सांगितलं. बाबांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ खोकत होते. मग म्हणाले, शाब्बास.

मला शाब्बास यापूर्वी सातवीत मिळाली होती. तारीख आठवत नाही. ही लिहून ठेवतो.

आजचा फोन: एकवीस मिनिटं. विक्रम.

१४ मार्च, शुक्रवार

पाणी पुन्हा भरलं. मीठ संपत आलंय. टाकीच्या कडेला पांढरी पापडी धरलीय, ती नैसर्गिक असावी. पिवळा मासा दगडामागे बसून राहतो. त्याला एकांत आवडतो.

शिंग्या बुंध्याशी करंगळीएवढा फिका वाटतो. दिव्यामुळे तसं दिसतं.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ७.३०

दिव्यामुळे नाही. दिवा बंद करून बघितलं. बुंध्याकडून पांढरा होत चाललाय. काल करंगळीएवढा पट्टा होता, आज दोन बोटं.

सकाळी ९.१५
खारटपणा बघायची नळी असते, डोळ्याला लावायची. आज बारा दिवसांनी लावली. पस्तीस हवा. एक्केचाळीस दाखवते. नळी बिघडलीय.

सकाळी ११.००
नळी घेऊन माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार बाबांचा जुना स्नेही, मोजकं बोलणारा. त्याने नळी तपासली. म्हणाला, नळी ठणठणीत आहे. मग मिठाची नवी पिशवी मागितली तर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, महिन्याची पिशवी चौदा दिवसांत? खाता काय? मी पाणी भरण्याची माझी पद्धत समजावून सांगितली. तो म्हणाला, साहेब, वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. मीठ टाकीतच राहतं. तुम्ही दर वेळी त्यात भर घालताय.

हे कुठेतरी स्पष्ट लिहायला हवं होतं.

दुपारी १.४०
दोन बादल्या साधं पाणी एकदम ओतलं. दुकानदार थोडं थोडं म्हणाला होता, पण रोगी अत्यवस्थ असताना थोडं थोडं काय? मासे गरगरले. शिंग्याने अंगावरची उरलीसुरली बारीक लवही आत ओढून घेतली.

संध्याकाळी ६.३०
बाबांनी विचारलं, शिंग्या कसा आहे? मी म्हटलं, उत्तम. दुसरं काय म्हणणार? छातीत बारा टाके घेऊन बसलेल्या माणसाला सांगू, की तुमची अकरा वर्षं मी पंधरवड्यात खारवली?

१६ मार्च, रविवार

अर्धा पांढरा.

दिवसभर टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. बसून काही होत नाही, हे कळतं. बायकोला म्हटलं, बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, त्यांच्या की तुझ्या? या बाईला प्रसंगाचं गांभीर्य नाही.

सहाचा फोन केला. आवाज सांभाळला. पंचवीस पॉइंट सात, पस्तीस, आठ पॉइंट चार. बाबा म्हणाले, तुझा आवाज का बसलाय? म्हटलं, सर्दी. मग सर्दीवर दहा मिनिटं बोलले. आल्याचा काढा घे म्हणाले. फोन ठेवल्यावर मला अगदी लहान मुलासारखं रडू येत होतं. सर्दी असेल.

१७ मार्च, सोमवार

दोन तृतीयांश पांढरा. मला भीती वाटतेय. हे इथेच लिहितोय, इतरत्र कुठे बोलणार नाही.

उपाय: दिवा परत साठ टक्के. पाण्याला हात लावायचा नाही. ताईला सगळं सांगायचं, उद्या. किंवा परवा.

१८ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५.५०

विश्वास बसत नाही. ऑफिसातून आलो, बूटसुद्धा न काढता टाकीकडे गेलो आणि बघतो तर शिंग्या जांभळा! बुंध्यापासून टोकापर्यंत. एक पांढरा ठिपका शिल्लक नाही. एका दिवसात!

म्हणजे दिवा कमी करण्याचा माझा उपाय अचूक होता. तज्ज्ञ मंडळी याला महिने लागतात म्हणतात. मंडळींनी प्रत्यक्ष काम केलेलं नसतं.

बायकोला हाका मारून बोलावलं, दाखवला. ती म्हणाली, अगं बाई, खरंच की. आणि लगबगीने स्वयंपाकघरात गेली. दुपारी दुकानदार मिठाची पिशवी द्यायला येऊन गेला म्हणाली. त्याने शिंग्याला बघितलं असेल तर वरमला असेल.

२० मार्च, गुरुवार

शिंग्यात आमूलाग्र सुधारणा. पूर्वी अंगावर बारीक लव असायची, ती पूर्ण गेली. आता कसा गुळगुळीत, तुकतुकीत आहे. मला वाटतं ती लव म्हणजे जुना आजार असावा, बाबांच्या लक्षात आला नसेल. आज धीर करून बोट लावलं. आखडला नाही, दचकला नाही. माझ्या हाताखाली स्वभावच बदलला त्याचा.

फोटो पाठवला. बाबांचा लगेच फोन, सहा वाजायच्या आत. म्हणाले, फारच तब्येतीत दिसतोय. पुन्हा खोकला. ताईला सांगायला हवं, त्यांना चांगल्या डॉक्टरकडे ने.

२४ मार्च, सोमवार

पट्टी लावून मोजला. चार दिवसांत साडेतीन मिलिमीटर वाढ. वहीत माझ्या अक्षरात नोंद केली. खरं मोजून केलेली ही माझी पहिलीच नोंद, त्यामुळे लाल शाईने.

मासेही सुधारलेत. पिवळ्याने एकांतवास सोडला. ‘घरगुती समुद्र: काही अनुभव’ असं एखादं छोटं भाषण ऑफिसच्या स्नेहमेळाव्यात द्यावं म्हणतो.

२७ मार्च, गुरुवार

लिफ्ट सुरू झाली. रविवारी बाबा येणार. मी त्यांना म्हटलं, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे. म्हणाले, माझ्याकडेही आहे.

आज फोन सत्तावीस मिनिटं. आकडे दोन मिनिटांत झाले. मग बाबा पाणीखात्यातल्या गोष्टी सांगत बसले, तलावात पहिल्यांदा नमुना घ्यायला गेले आणि चप्पल बुडाली ती. ही मी कधीच ऐकली नव्हती.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ७.४५

लिहिण्याची इच्छा नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त.

बाबा अकराला आले. बारीक झालेत. ताईने धरून आणलं. खुर्ची टाकीसमोरच लावायला सांगितली. मी बाजूला उभा राहून प्रगतीचा आढावा दिला. बाबांनी बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि शिंग्याला पाण्याबाहेर काढला. मी ओरडलोच. अहो बाबा, मरेल तो!

बाबांनी त्याच्यावर नखाने टकटक केली. म्हणाले, याची वाढ किती म्हणालास?

साडेतीन मिलिमीटर, मी म्हणालो.

बाबा म्हणाले, प्लास्टिक आहे रे.

ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. बायकोने निदान पदर तोंडाला लावला.

चारला दुकानदार बादली घेऊन आला. बादलीत खरा शिंग्या. बारा दिवस त्याच्या टाकीत होता. तीन मोठ्या फांद्या मेल्या, त्या कापाव्या लागल्या. उरला तो नारळाएवढा. पण जांभळा आहे आणि सगळ्या अंगावर ती बारीक लव. बाबांनी तो स्वतः दगडावर बसवला. कापलेल्या जागांवरून बोट फिरवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग सगळं बाहेर आलं. आकडे वहीतले आहेत हे बाबांना तिसऱ्याच दिवशी कळलं. म्हणाले, माझ्या हातचे आकडे मला ओळखू येणार नाहीत? आणि हीटर तर मीच बदलला होता, तोच चालू आहे टाकीत. आकडे नसले तरी टाकी महिनाभर तग धरते, म्हणून गप्प राहिलो. तू मीठ ओतत बसशील हे डोक्यात आलं नाही. सोळा तारखेला सूनबाईने सांगितलं, तेव्हा दुकानदाराला धाडला. प्लास्टिकची कल्पना तिची. तू टाकीसमोर खुर्चीत बसून होतास ते तिला बघवेना.

मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले होते, तुम्हाला धक्का बसता कामा नये. बाबा म्हणाले, बसला नाही. हसून टाके दुखले तेवढेच.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ७.२०

चहाच्या वेळी धीर करून विचारलं. तिसऱ्या दिवशी कळलं होतं, तर तेव्हाच का नाही झापलंत? चांगले पंचवीस दिवस मला खोटं बोलू दिलंत.

बाबा म्हणाले, झापलं असतं तर चौथ्या दिवशी तुझा फोन आला असता का?

मी म्हणालो, म्हणजे काय? आला असता की.

बाबांनी चहात बिस्किट बुडवलं.

आला नसता.