इतिहासजमा

प्रिय ताई,

माझं अक्षर ओळखलंस तर तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता बायकोकडून लिहून घेतला. तुझा नवा पत्ता तिला तोंडपाठ आहे. हे मला परवाच कळलं.

परवा तुझ्या भाचीच्या शाळेतून बोलावणं आलं. तू पाहिलीस तेव्हा ती रांगत होती, आता चौथीत आहे. निबंध होता, ‘मला भेटायला आवडेल अशी ऐतिहासिक व्यक्ती’. वर्गातल्या निम्म्या मुलांनी राजे गाठले होते, एकाला पाढे शोधून काढणारा हवा होता, जाब विचारायला. बाई म्हणाल्या, “त्याला मी पूर्ण गुण दिले. पण तुमच्या मुलीचं काय करू, तुम्हीच सांगा.” आणि कागद माझ्या हातात दिला.

‘मला माझ्या आत्याला भेटायला आवडेल. ती पूर्वी होऊन गेली. आईने तिचा विषय काढला की बाबा म्हणतात, ती इतिहासजमा झाली. ती खूप मोठ्याने हसायची. भेटली तर मी तिला विचारेन, तू वारलीस तेव्हा माझे बाबा रडले का?’

मुलांच्या त्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन मी बसलो होतो. बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, “बहीण कधी गेली तुमची?” म्हटलं, आहे. इथेच, स्टेशनच्या पलीकडे. बाई फळा पुसायला लागल्या. तो आधीच कोरा होता.

येताना पोरीला खरं सांगितलं. आधी ती नाचली, मग एकदम थांबली. “मग तू खोटं का सांगितलंस?” मी म्हणालो, अगं, तो वाक्प्रचार आहे. “म्हणजे काय?” शब्दांवर पोट भरणारा तुझा भाऊ सायकलच्या दुकानापुढे तोंड उघडं टाकून उभा राहिला. तुझ्या लग्नावर लेख लिहिताना ‘वापरलेला नवरदेव’ हे दोन शब्द सुचायला मला क्षणही लागला नव्हता. एका विधुर माणसाने पुन्हा संसार मांडला, त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आज मलाही सांगता येत नाही. लोक मात्र हसले. तुझ्या लग्नातले पाहुणेसुद्धा तो अंक घडी घालून खिशात घेऊन आले होते. ताईला विनोद कळत नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. तुला तो नीट कळला होता, म्हणूनच तू बोलणं तोडलंस.

आता पत्राचं खरं कारण. बाईंनी दुसरी व्यक्ती निवडून यायला सांगितलंय आणि पोरगी हटून बसली आहे. तिला तूच हवी आहेस. रविवारी सकाळी मी तिला तुझ्या जिन्यापर्यंत सोडेन. तिला दार उघड, एवढंच मागतो. माफी इथे मागत नाही, कारण कागदावर ती मला फार छान जमते आणि तू तिच्यावर विश्वास ठेवू नयेस. मी खालीच थांबेन. दाजी गॅलरीत येऊन मला वर बोलावतील, मला ठाऊक आहे. त्यांना अडव. त्यांनी हाक मारली तर मान वर करून बघायचं धैर्य माझ्यात नाही.

तुझाच,
धाकटा