शेवटचं शटर

सर, तुमच्यामुळे माझं डोकं फिरलंय आणि ते ऐकून घ्यायला तुम्ही नाही आहात, म्हणून लिहितो आहे. भिवंडीत, नारपोलीतल्या आपल्याच शाळेत, तुमच्याच चित्रकलेच्या खोलीत आता मी शिकवतो. खिडकीबाहेर कापडाचे लूम तसेच खडखडतात आणि मी तुमच्यासारखाच त्यांच्यावर आवाज चढवून "छटा बघा, छटा" असं ओरडतो. पोरं मान डोलावतात आणि ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा झाडावर थापतात.

यंदा चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत पोरं आपटली तर ही खोली कॉम्प्युटरला द्यायची, असं मुख्याध्यापकांनी ठरवलंय. वर मलाच सल्ला: "कशाला डोकेफोड करता? स्मरणचित्राच्या पेपरला एक बाजार घोटवून घ्या. विषय कुठलाही येवो, तोच काढतील." मीही वैतागून फळ्यावर बाजार काढला. डावीकडे टोपलीवाली, उजवीकडे छत्री, मागे दोन झाडं. पोरं खूश. एकानं तर विचारलं, "सर, शादी का सीन आया तो टोपलीवाली को दुल्हन बना दूँ?"

तुमच्या वर्गात असताना असाच घोटलेला देखावा मी तुम्हाला दाखवला होता. दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य. तुम्ही पोह्यांचा डबा उघडून बसला आहात, तोंडात घास आहे, आणि विचारता, "भिवंडीत हे कुठून दिसतं? चल, दाखव." मला वाटलं, गंमत करताय. पण तुम्ही डबा बंद केलात, चपला घातल्यात आणि भर उन्हात मला शाळेभोवती फिरवलंत. माझे डोंगर काही सापडले नाहीत. मी रडवेला झाल्यावर उरलेले पोहे माझ्यापुढे सरकवलेत आणि हातात तुमची पेन्सिल दिलीत. "हात लांब धर, एक डोळा मीट, आणि दिसतं तेवढंच माप." त्या दिवशी तुमचा भयंकर राग आला होता. आजही येतो, कारण तुमचं ते वाक्य मला सुखानं चोरीसुद्धा करू देत नाही.

माझ्या वर्गात जवळच्या राहनाळ गावची एक मुलगी आहे. रंगाची जाण अशी, की गंजलेल्या पत्र्यात तिला जांभळा दिसतो. पण गोदामांची रांग काढायला सांगितली की सगळी शटरं एकाच मापाची! क्षितिजरेषा, लोपबिंदू, सगळं शिकवून माझा घसा बसला. ती मात्र ढिम्म. "सर, आमचीच गोदामा हायत ती. माज्या आजानं भाताच्या शेतावर बांधलीत. सगली शटरा सारकीच हायत. शेवटचा बारीक काढला त ट्रक कसा जाईल आत?" या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला शिकवलं नव्हतंत.

शेवटी शनिवारी सगळ्यांना राहनाळला नेलं. वॉचमन ओरडतोय, "ओ मास्टर, गाडी बॅक हो रही है, बच्चों को हटाओ!" आणि मी तिच्या हातात पेन्सिल देऊन म्हणतोय, "माप." तिनं मापलं. पहिलं शटर पेन्सिलभर, शेवटचं नखाएवढं. "न्हाय सर, पेन्सिल खोटी बोलते," म्हणाली आणि तरातरा शेवटच्या शटरपाशी जाऊन, ते केवढं उंच आहे ते दाखवायला हात वर करून उभी राहिली. तिथून सहज तिनं माझ्याकडे पेन्सिल धरली आणि एक डोळा मिटला. मग रांगेच्या त्या टोकावरून हाक आली, "सर! आता तुमीच बारीक झालाव!"

ती तिथेच बसली आणि तिथूनच चित्र काढलं. तिचं शटर कागदभर उंच, बाकीची लहान होत गेलेली आणि पार टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा मी. यथादर्शन अगदी बिनचूक. मला चित्र दाखवत म्हणाली, "आता जाईल ट्रक."

काल वर्गात आल्यावर मी फळ्यावरचा बाजार पुसून टाकला. पोरांनी कालवा केला. बाकीच्यांना तिच्यासारखं दिसेल की नाही, देव जाणे. खोली गेली तर ती तुमच्यापायी गेली, एवढं लक्षात ठेवा.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही, ते एका परीनं बरंच आहे. कारण फळा पुसायच्या आधी मी त्या बाजाराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय.