गोदामासमोरची पालखी

१९ फेब्रुवारी

मार्लीस पुन्हा आली. शाळेची बस चालवते ती. उंच, गोरी, आवाज म्हणजे भोंगा! आल्या आल्या ताईला मिठी, मग मला, ‘काय गास्पर, जिवंत आहेस ना?’ मी सोफ्यावरचे पाय खाली घेतले. सोफा हीच माझी खोली. तिच्यात रोज संध्याकाळी दहा बायका.

शहराच्या टोकाचं पांढरं गोदाम इमिग्रेशनवाल्यांनी घेतलंय. पकडलेली माणसं कोंडायला. आमच्यासारखी — कागद नसलेली. पण पाण्याची आणि गटाराची जोडणी नगरपरिषदेच्या हातात आहे. ती द्यायची की नाही, यावर ईस्टरनंतर मतदान. म्हणून या बायका फलक रंगवतात, फोन करतात, ताईच्या हातचे मक्याचे तामाल खातात.

आज ताई सगळ्यांसमोर म्हणाली, ‘ती जागा उघडली तर मी इथं राहणार नाही. दोन्ही पोरांना घेणार आणि सरळ ग्वाटेमालाला परत.’ मार्लीसचे डोळे भरले. थोरल्या येस्लीनं आतल्या खोलीचं दार आपटलं. चौदा वर्षांची आहे, दार आपटायचंच वय.

मला काही वाटलं नाही. भूक लागली होती.

२३ फेब्रुवारी

छपरांवर बर्फ. काम नाही. झोपलो.

२४ फेब्रुवारी

काम. थंडीनं खिळे ठोकायची नेलगन सारखी अडकत होती. छपरावरून गोदाम दिसतं. या शहरात कुठल्याही छपरावर चढा — दिसतंच! एवढं मोठं, आणि खिडकी एक नाही.

रस्टी, आमच्या छपरांच्या कामाचा मालक, म्हणाला, ‘काय बघतोस तिकडं? खोली पसंत करतोयस?’ आणि स्वतःच हसला. मग म्हणाला, ‘मस्करी रे.’ मी खिळे मारत राहिलो.

दुपारी लेंचोचा फोन. चुलतभाऊ माझा, कॅरोलायनात असतो. ‘अरे गोठून मरशील तिथं! इकडं ये. काम आहे, ऊन आहे, पोरी तोंड वर करून बघतात.’ म्हटलं, येतो, मतदान होऊ दे. तेवढा शब्द दिलाय ताईला. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. या देशात आल्यापासून एका गावात दोन हिवाळे काढले नाहीत मी. इथला हा पहिला. पुरे.

१ मार्च

रविवार म्हणजे दाजींचा फोन. बार्तोलो, ताईचा नवरा. गेल्या पानगळीत कोंबड्यांच्या कारखान्याच्या पार्किंगमधून इमिग्रेशनवाल्यांनी उचललं त्यांना. हातात डबा होता. दोन महिने कुठं होते ते कळलं नाही. मग एकदम ग्वाटेमालातल्या गावाहून फोन, परत धाडलं म्हणून! तेव्हाच मी इथं आलो, ताई एकटी म्हणून.

ताई फोनवर इकडतिकडचंच बोलते. डुकरीण व्याली का. घराची भिंत कुठवर आली. ‘बरं. बरं. ठेवते.’ मग भांडी घासते. घासलेलीच.

८ मार्च

आज चर्चमध्ये भांडण. चांगलं झालं — नाहीतर मला झोप लागली असती.

गुड फ्रायडेला आम्ही येशूची पालखी काढतो. क्रूस खांद्यावर घेतलेला येशू, लाकडाची जड चौकट, दोन्हीकडे भोई. दर वर्षी चर्चभोवती तीन गल्ल्या. ताई उठून म्हणाली, यंदा पालखी गोदामापर्यंत न्यायची. मोर्चाला लोक घाबरतात. पालखीला कोण घाबरेल?

म्हातारा इलारियो भडकला. पालखीचं सगळं त्याच्याकडे असतं. ‘प्रभूला राजकारणात ओढतेस, पेत्रोना?’

‘काका, त्याला अटक झाली होती. तेव्हा काय होतं ते?’

फादर छताकडे बघत होते. मग म्हणाले, ‘रस्ता सार्वजनिक आहे.’ झालं ठरलं.

१५ मार्च

भोई गळायला लागले. कारखान्यातले सगळे. ‘पाठ धरलीय.’ ‘शिफ्ट आहे त्या दिवशी.’ ‘बायको नको म्हणते.’ एकानं तर सांगितलं, माझा खांदा उतरला! मोजल्याशिवाय कळलं कसं?

आमच्यात भोई खांद्यानं निवडतात. इलारियोकडे एक काठी आहे, तिच्याशी उभं करतो, खांदा खुणेला लागला तर ठीक. सगळे एका उंचीचे हवेत. नाहीतर एकाच्या मानेवर सगळं ओझं, दुसरा नुसता हात लावून चालतो.

मला विचारलं. हो म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं.

१७ मार्च

ताई म्हणते, गोरे मदत करतील. त्यांना कोण पकडणार?

२२ मार्च

हसू की काय करू! आज चर्चच्या आवारात सराव. मार्लीसनं माणसं आणली. निवृत्त बंबवाला डुएन, दोन मास्तर, एक दाढीवाला. सगळे ताडमाड! हातमोजे घालून आले, कोणीतरी प्रेतच उचलायचंय अशा तोंडानं. इलारियो काठी घेऊन डुएनपुढं उभा राहिला. काठी संपली, खांदा अजून वरच! म्हातारा माझ्या कानाशी, ‘हा माणूस आहे की विजेचा खांब?’

पण दुसरे नव्हतेच. उजवीकडे गोरे, डावीकडे आम्ही उरलेले. उचलली. येशू असा कलला की क्रूससकट आमच्याच अंगावर येतो की काय! काट्यांचा मुकुट निसटून माझ्या पायाशी पडला.

‘थांबा! खाली ठेवा! घसरगुंडी केलीत प्रभूची!’ इलारियो ओरडत होता. गोऱ्यांना काही कळेना. मग त्यांनी गुडघे वाकवून चालायचं ठरवलं. चार पावलं बदकासारखे गेले. डुएनचा गुडघा कटकन वाजला.

मार्लीस ताईला म्हणाली, ‘आम्हाला वाटलं होतं मदत होईल.’ ती रडवेली. येस्ली भिंतीला टेकून इतकी हसली की खालीच बसली. तिला हसताना बऱ्याच दिवसांनी बघितलं.

२३ मार्च

ताई सकाळी पोळ्या थापताना म्हणाली, बायका उचलतील. सगळ्या एकाच उंचीच्या आहेत.

एवढंच म्हणाली ती.

२५ मार्च

इलारियो घरी आला. बसला नाही. ‘बायका मरियेची पालखी उचलतात. प्रभूची नाही. माझ्या बापानं नाही पाहिलं असं, त्याच्या बापानं नाही पाहिलं.’

ताई पीठ मळत होती. ‘काका, क्रूसावर चढवलं तेव्हा बाप्ये कुठं होते?’

त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

‘पळाले होते ना सगळे? आणि कोण उभं होतं तिथं? बायकाच ना?’

म्हातारा दाराकडे वळला. मग माझ्याकडे बघून, ‘तुझी बहीण वकील व्हायला हवी होती.’ जाताना काठी आमच्याकडेच ठेवून गेला. ताईनं एकेकीला काठीशी उभं केलं. ती म्हणाली तसंच — सगळ्या खुणेला!

३ एप्रिल

गुड फ्रायडे. वारा. बायका दोन्हीकडे, पुढच्या दांडीला मी आणि इलारियो. त्यानं हट्टच धरला. ‘मी पळालो नाही असं कुणी तरी लिहून ठेवा.’ घ्या, लिहिलं.

गोरे बाहेरून चालले, दोन्ही बाजूंना, कुंपणासारखे. डुएन सगळ्यांत पुढं, त्या गुडघ्यापायी काठी टेकत. मागं बॅंड — तीन कर्णे, एक ढोल. लोक येतील असं वाटलं नव्हतं. गल्लीगल्लीतून आले. कारखान्यातले भोईही होते, टोप्या डोळ्यांवर ओढून, मागं मागं. ‘पाठ बरी झाली का?’ ताईच्या मागची बाई मोठ्यानं म्हणाली. कोणी वर बघितलं नाही.

गोदामाच्या फाटकासमोर थांबलो. थांबलो म्हणजे खाली ठेवली नाही. गावी देवळासमोर करतात तसं, पालखी खांद्यावर, जागच्या जागी डोलवायची, वाजवणारे संपवेपर्यंत. वाजवणारे संपवेनात! पहारेकरी दोन होते. एक फोनवर आमचे फोटो घेत होता. दुसऱ्यानं टोपी काढली, मग पुन्हा घातली.

ताई माझ्या मागंच होती. तिचा श्वास मानेला लागत होता. सगळ्या रडत होत्या असं नंतर कळलं. मला खांदा दुखत होता. तेवढंच.

४ एप्रिल

खांदा काळानिळा. येस्लीनं न विचारता बर्फ आणून दिला.

१२ एप्रिल

लेंचोला सांगितलं, सव्वीस तारखेला निघतो. येस्लीनं ऐकलं. म्हणाली, ‘जा ना, मामा. सगळे जातातच.’ मग कानात इअरफोन घातले आणि गृहपाठ करत बसली.



१४ एप्रिल

मतदान. ताई नगरपरिषदेत आत, येस्ली आत, मी बाहेर गाडीत. बाहेर पोलिसांच्या गाड्या होत्या, मी नाही जात. ताईचा धाकटा, मातियास, मागच्या सीटवर झोपलेला. पाच वर्षांचं पोर, घोरतं म्हाताऱ्यासारखं.

येस्लीनं आत काय झालं ते सांगितलं. ती बोलली तिथं, इंग्रजीत, आईचं नाव न सांगता. ‘माझे बाबा जेवणाचा डबा घेऊन कामाला गेले होते.’ एवढंच लिहून नेलं होतं, तेवढंच वाचलं. मग मार्लीस उठली आणि आपल्या तळघराबद्दल बोलली. पाऊस आला की गटार उलटं तिच्या तळघरात येतं. ‘माझ्या एकटीचं झेपत नाही तुमच्या नळांना, आणि हजार माणसांचं घेणार?’ तिच्यामागं रांग लागली. सगळ्यांची तळघरं! पालखीबद्दल कोणी अक्षर काढलं नाही.

जोडणी नाकारली. एका मतानं.

बाहेर आल्यावर लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. इलारियो डुएनला मिठी मारायला गेला तर त्याच्या पोटाशीच पोचला. ताई माझ्या खिडकीशी आली. म्हटलं, जिंकलीस. ती म्हणाली, ‘हो.’ मग मागं वाकून मातियासचं पांघरूण नीट केलं. किती वेळ करत होती.

१५ एप्रिल

रस्टी म्हणाला, अभिनंदन. खरंच म्हणाला. म्हटलं, थॅंक्यू. नेलगन परत अडकली.

१९ एप्रिल

दाजींचा फोन. ताई आज बाहेर पायरीवर जाऊन बोलली. बराच वेळ. भांडी तशीच होती, मी घासली.

२४ एप्रिल

ताई चाललीय. उद्याच्या विमानानं, मातियासला घेऊन. म्हटलं, अगं पण जिंकलो ना आपण! म्हणाली, ‘म्हणूनच. हरलो असतो तर जीव गेला तरी हलले नसते — हाकलल्यासारखं झालं असतं. आता मला कोणी हाकललेलं नाही. मी नवऱ्याकडे चाललेय.’

येस्ली जात नाही. ती इथं जन्मली, शाळा इथं, नाही म्हणजे नाही म्हणाली. माझ्याकडे राहणार. मला कोणी विचारलं नाही. मी नको म्हटलं नाही. लेंचोला सांगितलं, सव्वीसचं राहू दे.

सोमवारी तिला शाळेला उठवायचंय. कितीला उठते कोण जाणे. ताईला विचारून घ्यायला हवं.