बाबांच्या गाड्यांची डावी बाजू

३ नोव्हेंबर, सोमवार
काल लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे. बाबांच्या पासष्टाव्या वाढदिवसाला दादा फोटोंचं पुस्तक करतोय. २०११ ते २०२० मधल्या आपल्या तीन गाड्या, पांढरी, निळी, चंदेरी, यांच्यावर चार-चार ओळी त्याने माझ्याकडे मागितल्यात. निळीबद्दल मी लिहिलं, 'दत्त मंदिर सिग्नलला एक सायकलवाला आमच्यावर येऊन आदळला.'
तो आदळला नाही. आम्ही त्याला पाडलं.
मी सतरा वर्षांची, बाबांच्या शेजारी पुढच्या सीटवर. डावीकडे वळायच्या आधी बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "डावी?" मी इअरफोनचा गुंता सोडवत होते. मान वर न करता म्हटलं, "मोकळी."
तो वॉचमन होता, ड्युटी संपवून घरी चाललेला. मनगट मोडलं. बाबा महिनाभर त्याच्याकडे जात होते, ड्रेसिंगला स्वतः न्यायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. "मी चालवत होतो, चूक माझी." एवढंच. नऊ वर्षं मला वाटतंय की त्यांनी मला पाठीशी घातलं.
वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
दादाने जुने फोटो पाठवले, त्रेसष्ट. जेवणाच्या सुट्टीत बघत बसले.
पांढरी, एकलहऱ्याच्या आमच्या क्वार्टरसमोर. मी दोन वेण्यांत. पाढे, पाट्या वाचणं, रस्ता ओलांडणं, सगळं मी शाळेच्या आधी बाबांच्या त्याहून जुन्या गाडीत शिकले. बारा वर्षांची झाले तशी पुढची सीट मिळाली आणि काम मिळालं. बाबा विचारणार "डावी?", आपण बघून "मोकळी" किंवा "थांबा" म्हणायचं. दादाला हे कधी दिलं नाही, तो तेव्हा हॉस्टेलला. मला केवढा अभिमान. मैत्रिणींच्या घरी असं काही नव्हतं, मला त्यांचे वडील निष्काळजी वाटायचे.
फोटोंत एक गोष्ट दिसली. पांढरीचा डावा आरसा मिटलेला. निळीचा मिटलेला. चंदेरीचाही. प्रत्येक फोटोत. आणि ओरखडे, पोचे, सगळे डाव्या दारांवर. उजवी बाजू तिन्ही गाड्यांची नव्यासारखी.
अंबडला कंपनीत तपासणी विभागात मी दिवसभर हेच करते. एकाच जागी पुन्हापुन्हा दोष आला तर तो योगायोग धरायचा नाही.


६ नोव्हेंबर, गुरुवार
कंपनीत एका रीडिंगवर कुठलाही भाग रिजेक्ट करत नाही. तीन घेतली.
१) बाबा पेपर वाचत होते. चहा घेऊन डावीकडे उभी राहिले. मनात वीसपर्यंत मोजलं. मी बोलले तेव्हा ते दचकले. "अगं, कधी आलीस?"
२) नाश्त्याला चटणीची वाटी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. "आज चटणी नाही का?"
३) मी उजवीकडून गेले. लगेच, "मुक्ता, ऑफिसला उशीर होत नाही का तुला?"
स्वतःच्या बापाची अशी तपासणी करताना लाज वाटली. तिसऱ्या रीडिंगनंतर लाज गेली, नुसती भीती राहिली. आता पुढे कोण बसतं? मी दीड वर्ष कंपनीच्या बसने जाते. त्यांच्या शेजारी मी गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर बसलेलेच नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
बाबा बँकेत गेले होते. आई मेथी निवडत होती. विचारलं, "आई, बाबांना डावीकडचं दिसत नाही का?"
"हळू बोल."
घरात आम्ही दोघीच.
"डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. समोरचं दिसतं गं, कडेचं नाही. तू सहावीत होतीस तेव्हा कळलं."
फ्रिजच्या दारातले डोळ्यांत घालायचे थेंब. आम्हाला ॲलर्जीचे म्हणून सांगितलेले. चौदा वर्षं.
"आणि मला पुढे..."
"मी बसवलं. आधी मीच बसायचे. मला भीती वाटायची, मधेच ओरडायचे, मग हे आणखी गडबडायचे. तू शांत होतीस. तुझं लक्ष चांगलं."
हे तिने कौतुकाने सांगितलं. त्यात काही लपवलंय असं तिला वाटतच नाही.
"आणि आता?"
तिने मेथीची जुडी बाजूला सारली. मग, "उजव्या डोळ्यालाही सुरू झालंय. एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले, गाडी बंद करा. दोन दिवस हे जेवले नाहीत. गाडी म्हणजे यांचं... तुला माहितीये. कॉलनीत कोणाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की पहिला फोन यांना."
"येत्या शुक्रवारी देवळ्याला कसे जाणार आहात?" मावशीच्या मुलाचा साखरपुडा पुढच्या रविवारी, सोळाला आहे. मी नाही, मला शुक्रवार-शनिवार ऑडिट.
"गाडीने. ओवी बसेल की पुढे. हुशार आहे. तुझ्यावरच गेलीय."
ओवी दादाची मुलगी. आठ वर्षांची.
वॉचमनबद्दल: "चूक माझी" हे बाबा खरंच बोलत होते. हलकं वाटायला हवं. वाटत नाही. मी बघितलं नव्हतं हे काही बदलत नाही. फक्त इतकं की मी बघितलं नाही तर बघणारं दुसरं कोणी गाडीत नव्हतंच.

९ नोव्हेंबर, रविवार
दादाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. बाबांनी फोन हातात घेतला.
"ओवी मॅडम, मी 'डावी?' विचारलं की काय म्हणायचं?"
"मोकळी!"
"आणि कोणी आलं तर?"
"थां-बा!" इतक्या जोरात की स्पीकर फाटला.
मागून दादा हसत, "बाबा, पोरीला ड्युटीला लावलं की काय आत्तापासून? पगार द्या मग!"
"तुझी बहीण बिनपगारी होती, विचार तिला."
सगळे हसले. मीही हसले. का हसले? त्याच क्षणी सांगता आलं असतं.
दादाला काहीच माहीत नाही. त्याला तो खेळ वाटतो. मलाही वाटायचा.

१० नोव्हेंबर, सोमवार
कंपनीची बस मुद्दाम चुकवली. बाबांना म्हटलं, सोडा. जेल रोडने पुढे कंपनीपर्यंत, चाळीस मिनिटं. सध्याच्या गाडीचाही डावा आरसा मिटलेला. मी उघडला. "मिटव गं, कोणीतरी उडवून जाईल." मिटवला.
ते चालवतात छान. हळू, नीट, शिव्या न देता. म्हणून कोणाला शंका येत नाही.
एका वळणावर "डावी?" दप्तर पाठीला लावलेल्या पोराला घेऊन एक बाई, अगदी टायरजवळ. "थांबा." गाडी जागेवर थांबली. त्यांनी वळूनही बघितलं नाही.
"शाबास."
एवढा विश्वास. माझ्या जागी ओवी आणि तिच्या हातात आजीचा मोबाईल, असं डोळ्यांसमोर आलं. देवळ्याच्या वाटेवरचा भावडबारीचा घाट, कांद्याचे ट्रॅक्टर, कडेने जाणाऱ्या मोटरसायकली. ओवीला खिडकीतून नीट दिसतं तरी का? तिची उंची किती?
उतरताना सांगणार होते. "जपून जा बाबा" एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "तू नसलीस की जपूनच जावं लागतं." गमतीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मावशीचा फोन. "तू नाय येनार म्हनं? बरं, राहू दे. दाजी हायेत गाडी चालवायला, मला काय काळजी नाय."
आईला म्हटलं, मी बाबांशी बोलणार. ती रडली नाही, चिडली. "तू चालव मग! घे रजा, ने आम्हाला, आण परत. कशाला बोलायचं? त्यांचं तोंड कशाला पडलेलं बघायचं तुला?"
दिवसभर याचाच विचार. सोपं आहे. देवळा होईल, कोणाला कळणार नाही. मग पुढचं लग्न, पुढचा दवाखाना. मी पुन्हा त्या सीटवर, किंवा ओवी. नाही.
बाबा ओरडतील याची भीती नाही, ते ओरडत नाहीत. ते किल्ली काढून शांतपणे माझ्या हातात देतील आणि खोलीत जातील. त्याची आहे. किंवा म्हणतील, "इतकी वर्षं तूच होतीस ना शेजारी?" मग काय उत्तर देऊ? आणि नाहीच ऐकलं तर? शुक्रवारी सकाळी सहाला निघाले तर?
फोनवर दादाला सांगणं नको. तो आधी बाबांवर भडकेल, आणि बाबांना वाटेल मी पाठीमागून केलं. गुरुवारी सकाळी दहाला तो ओवीला सोडायला येतोय. त्याच्या आधी बाबा, मग तो, समोरासमोर. वॉचमनचंही सांगायचं, माझ्या इअरफोनसकट. ते वगळलं तर बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.
साहेबांकडे अर्धी रजा मागितली. "ऑडिटच्या आदल्या दिवशी, मॅडम?" हो म्हटलं. कारण विचारलं. "घरचं" म्हटलं. दिली.
उद्या का नाही? उद्या गाडी सर्व्हिसिंगला, मेकॅनिक स्वतः घेऊन जातोय, बाबा चालवणार नाहीत. हे लिहायला ठीक आहे. खरं म्हणजे मला एक दिवस हवाय.
रोज सकाळी साडेसातला बाबा गाडीची काच पुसायला खाली जातात. तेव्हा मी खाली असेन. आई नको.
ठरलं. गुरुवार, १३ नोव्हेंबर. सकाळी साडेसात.